खंडेनवमीच्या बंद लाइनी

पडदा वर जातो तेव्हा समोर वाळूजच्या एका कारखान्यातली अरुंद खोली. भिंतीवर लोखंडी पेटी; तिच्यात बाहेरून आलेल्या चार टेलिफोन लाइनी आणि आतल्या बत्तीस फोनांच्या तारा. पेटीवर ओलं हळदकुंकू, झेंडूची माळ. समोर स्टुलावर मुंजाबा. साल नव्वदच्या आसपासचं.

हा मुंजाबा आमच्या नाटक मंडळीचा पडदा ओढायचा. माझं वाक्य मध्येच अडलं तर त्याच्या हाताला आधी कळायचं. कितीदा अब्रू वाचवली त्यानं माझी! मंडळी बुडाली आणि तो टेलिफोनचं काम शिकला. कुठला फोन बाहेर लागावा, कुठला लागू नये, हे त्या पेटीला आकडे दाबून सांगायचं.

आदल्या संध्याकाळी मॅनेजर तात्यासाहेबांनी हुकूम दिला होता, "कामगार संपावर जाणार. सगळ्यांची बाहेरची लाइन बंद कर. तुझीसुद्धा. फक्त माझ्या केबिनची राहू दे." मुंजाबानं तसे आकडे दाबले.

सकाळी फिटर रामकिसन आला. युनियनचा माणूस.

"मुंजाबा, तात्यासाहेबांच्या ठेकेदाराचे गुंड गेटवर जमायलेत. एक लाइन तरी उघड की."

"आज खंडेनवमी हाय, राजा. पूजा झाली. आज हत्याराला हात लावायचा नाय. उद्या सोडतो."

"उद्या काय माझ्या तेराव्याची आवतनं द्यायचीत का?" रामकिसन हसत गेला.

अर्ध्या तासात गेट मोडलं. वीसेक जण आत घुसले. पूजेला मांडलेले पाने, पाइप, हातोडे त्यांनीच उचलले. टर्नर सांडूचा जबडा एका फटक्यात निखळला. रामकिसनच्या डोक्यात पाइप बसला. पडल्यावर आणखी दोन. पाइपावरचं कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं, कळेना. कुणीतरी शॉपमधल्या फोनवर बाहेरच्या लाइनीसाठी शून्य दाबला. नुसतं टूं टूं. दुसऱ्या फोनवर तेच. तात्यासाहेब तर केबिनला कुलूप घालून मागच्या दारानं केव्हाच गेले होते.

मुंजाबानं माळ ओरबाडून फेकली आणि आपल्या फोनवरून आकडे दाबायला लागला. तोच दोघे खोलीत शिरले.

"पोलिसाला लावतो का रे?"

एकानं त्याचा उजवा हात टेबलावर दाबून धरला. दुसऱ्यानं पान्याचे तीन घाव घातले. बोटं वाळक्या काटक्यांसारखी मोडली. चौथा घाव डोक्यावर यायचा, पण बाहेरून कुणी हाक मारली म्हणून दोघे पळाले. मुंजाबानं डाव्या हातानं राहिलेले आकडे दाबले. एक नाही, बत्तीसच्या बत्तीस फोन उघडले. मग घाटीला, सरकारी दवाखान्यात, फोन लावला. आणि पेटीचा गुप्त नंबर बदलून टाकला, म्हणजे पुन्हा कुणाला लाइनी बंद करता येऊ नयेत.

रामकिसन जगला. डावा डोळा गेला.

तिसऱ्या दिवशी घाटीत मी मुंजाबाच्या उशाशी बसलो होतो. पलीकडच्या खाटेवर रामकिसन. तात्यासाहेब आले, मोसंबी ठेवली आणि हळूच म्हणाले, "मुंजाबा, लाइनी पुन्हा बंद करायच्यात. नवा नंबर काय आहे?"

मुंजाबानं प्लास्टरमधला उजवा हात वर केला. तात्यासाहेबांशी तो जन्मात शेवटचं बोलला ते एवढंच.

"नंबर ह्या बोटांत व्हता, साहेब. तुमच्याच माणसांनी चेचला."