धाकटीच्या नवऱ्याचा पाय

धाकट्या जावेवर मी जळले ती तिच्या नवऱ्याचा पाय मोडला तेव्हा. ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल, वाटू दे.

नव्वदनंतरची ती वर्षं. गुजरातेत, डिंडोलीच्या वस्तीत आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एक पत्र्याची भिंत होती. आमचे हे पांडेसऱ्याला डाईंग मिलमध्ये कामाला. रंगलेल्या हातांनी घरी यायचे, जेवायचे आणि आडवे व्हायचे. धाकटा दीर कापड मार्केटमध्ये साड्यांची पोटली वाहायचा. मी तिथूनच टिकल्या लावायला साड्या घरी आणत असे.

त्या दिवशी तयार माल परत द्यायला गेले, तर मालाच्या लिफ्टची खालची जाळी नेहमीसारखी सताड उघडी. लिफ्ट कुठे अडकली म्हणून मी आत मान घालून वर बघितलं. दीर पहिल्या मजल्यावर माल उतरवत होता, एक पाय लिफ्टमध्ये, एक बाहेर. फटीतून त्याला माझं डोकं दिसलं आणि तो ओरडला, "जाळी लाव! अरे, लाव, लाव!"

लिफ्टमन खाली बटणापाशी उभा होता. तो गुजराती. गलक्यात त्याला फक्त ‘लाव’ ऐकू आलं, आणि गुजरातीत लाव म्हणजे आण. त्याला वाटलं, लिफ्ट खाली मागवतायत. त्यानं बटण दाबलं. मी दचकून मान मागे घेतली आणि वरून दिराची किंकाळी आली.

मार्केटच्या ऑफिसात शेठनं हात झटकले. "लिफ्ट तो एणे पोतेज मंगावी," म्हणाला. म्हणजे त्यानंच बोलावली, मग भरपाई कसली? धाकटी दाराशी बसून नशिबाला बोल लावत रडत होती, "मना नशिबमा हाई काय वनं व माय!" प्लास्टर, औषधं, घरातली चूल, सगळं त्या एका शब्दावर अडलं होतं.

मी पुढे झाले. "शेठ, हमारे में लाव मतलब बंद करो." शेठ हसला. मग मी ऑफिसचं दार ओढून घेतलं आणि म्हटलं, "ये देखो, दरवाजा लाव्या." कोणी हसलं नाही. लिफ्टमन बिचारा खरं बोलला. त्याला उलटंच कळलं होतं, आणि जाळी उघडी असली तरी लिफ्ट चालते हे त्यानं ऑफिसात कितीदा तरी सांगितलं होतं. शेवटी दवाखाना आणि पाय बरा होईपर्यंतचा पगार मार्केटनं पत्करला.

आणि इथून माझी जळजळ सुरू झाली. दीर दिवसभर घरी. खाटेवर पाय पसरून तो धाकटीला लसूण सोलून द्यायचा. मार्केटातल्या गमती सांगायचा. दुपारी ती त्याच्याजवळ टेकून बसायची आणि दोघं हळूहळू बोलत राहायची. लग्नाला इतकी वर्षं होऊन माझ्या वाट्याला असली एक दुपार आली नव्हती. माझी मान वाचवायला तो ओरडला, हे मला ठाऊक होतं. तरी पत्र्यापलीकडे ती खुदकन हसली की माझ्या अंगाची लाही व्हायची. पगार मी मिळवून दिला आणि नवरा मिळाला तिला!

एका सुट्टीच्या दुपारी राहवलं नाही. यांना म्हटलं, "तुम्ही बी एकदाव लिफ्टमा पाय घाला ना."

मला वाटलं, चिडतील, निदान विचारतील तरी की असं का म्हणतेस. यांनी डोळे मिटूनच उत्तर दिलं, "आमनी मिलमा लिफ्ट कोठे शे? माल पाठवर चढस."

आणि भिंतीकडे कूस वळवून ते झोपी गेले.