शुक्रवारची ड्युटी

कामतघरला आमच्या भिंतीपलीकडे कापड विणणारा, दिवसरात्र खडखडणारा पॉवरलूम आहे आणि समोर एक काकू राहतात. मी बाळासाठी काहीही आणायचं म्हटलं, की त्या कमरेवर हात ठेवून विचारतात, "कशाला गं पोरी?" चालायला शिकवणारी गाडी? "जमीन हाय ना." मऊ उशी? "मांडी हाय." पाळण्यावर टांगायचं गाणारं खेळणं तर त्यांनी दुकानात परतच करायला लावलं. "लूम हाय की!"

आणि खरंच, त्या खडखडाटात बाळ गाढ झोपायचं.

शुक्रवारी लूमला सुट्टी. दुपारी त्या शांततेनंच दचकून बाळानं घर डोक्यावर घेतलं. काकू ताट आणि उलथनं घेऊन आल्या, पाळण्याशी बसून खटाक-खटाक वाजवू लागल्या. बाळ झोपलं.

तासाभरानं त्यांनी उलथनं माझ्या हातात दिलं.

"माझी शिफ्ट संपली. थांबू नको, उठंल."