आक्कांनी माझी कीव केली

सकाळचे अकरा. कोल्हापुरातल्या कर्णबधिर मुलांच्या एका शाळेची मागची खोली. टेबलावर टेपरेकॉर्डर, समोर तीन खुर्च्या.

त्या खोलीत माझी जी शोभा झाली ती तुम्हाला सांगावी की गिळून टाकावी, हे मला इतकी वर्षं ठरवता आलेलं नाही. चहा मागवा, सांगूनच टाकतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हुपरीची सुजाता, आमच्या ओळखीतली, ह्याच शाळेत शिकणारी, कानाला यंत्र लावणारी, हुशार पोर. तिला आठवीला साध्या शाळेत जायचं होतं. तिथले मुख्याध्यापक म्हणाले, "हिचं बोलणं कुणाला कळणार? आधी तपासून आणा, मग प्रवेशाचं बघू."

हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं बातमीदारी केलेला माणूस मी! तडक, ही तपासणी करणाऱ्या तिच्या शिक्षिका माने बाईंपुढे जाऊन उभा राहिलो.

"पोरीचं बोलणं तपासता? तिच्या आईला सगळं कळतंय की!"

"आईला कळणारच," बाई शांतपणे म्हणाल्या. "सवयीच्या कानाला काहीही कळतं. म्हणून आम्ही परक्या माणसांना टेप ऐकवतो. त्यांना जेवढे शब्द ओळखता येतील तेवढे गुण."

"अपमान आहे हा! मग माझंही तपासा की!"

"तपासू की. नाहीतरी तुलनेला ऐकू येणाऱ्या माणसाचा आवाज लागतोच."

झालं! वाक्यांचा कागद घेतला आणि ऑफिसला फोनवरून बातमी सांगतो तसा धडाधड टेपवर वाचून काढला. गालात तंबाखूचा बार होताच. तो कधी नसतो?

मग ती सकाळ. खुर्च्यांवर तीन परकी माणसं: एक रिक्षावाला, भाजीवाल्या आक्का आणि एक निवृत्त पोस्टमन. मी मागे स्टुलावर. तोंड उघडायचं नाही, अशी बाईंची ताकीद.

आधी सुजाताचा आवाज. जरा जड, शब्द तोडून तोडून.

"भावानं विहिरीतनं पाणी काढलं," रिक्षावाला म्हणाला.

"बैल आंब्याखाली बांधलाय," आक्का म्हणाल्या. एखाददुसरा शब्द हुकला, बाकी बिनचूक. मी स्टुलावर फुगून बसलो.

मग दुसरा आवाज. वाक्यं वेगळी. तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले!

"परत लावा," पोस्टमन.

"एकदाच ऐकवायचं असतं," बाई.

"मशीन बिघडलं काय वो?" रिक्षावाल्यानं टेपरेकॉर्डरला कान लावला. "न्हाय. कायबी कळंना."

आक्कांनी तर डोळ्याला पदर लावला. "लई वंगाळ झालं बघा! जन्मापास्नंच ऐकू येत न्हाय व्हय त्येला? मगाची पोरगी कशी झकास बोलली. ह्येला बी शिकवा की जरा!"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

मी सुन्न! अहो, सुन्न! ज्या आवाजात मी मंत्र्यांना जाब विचारला, तो हा? मग उजेड पडला. फोनवर माझी बातमी उतरवून घेणारा आमचा उपसंपादक! वीस वर्षांत त्याचे कान सवयीचे झाले होते. तो माझी आई झाला होता! आणि ते मंत्री? माझे प्रश्न ते टाळत होते, की त्यांना खरंच काही... जाऊ द्या.

तरी निकाल आमच्याच बाजूचा होता. दुसऱ्या दिवशी बार थुंकून, सुजाताला आणि बाईंना घेऊन मी त्या मुख्याध्यापकांकडे गेलो. निकाल टेबलावर ठेवला.

"वा, छान," सर म्हणाले. "पण आठवीचे वर्ग आधीच भरलेत हो."

संतापलो की माझे शब्द एकमेकांच्या डोक्यावर चढतात. मी एका दमात जे काय बोललो, त्यावर सरांनी भुवया उंचावल्या.

"काय म्हणालात? काही कळलं नाही."

मी पुन्हा ओरडलो. सरांनी पुन्हा मान हलवली. तंबाखू नव्हती हो तोंडात!

शेवटी सुजाता पुढे झाली. इतका वेळ ती माझ्या ओठांकडे बघत होती. एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "सर, काका विचारतात, वर्ग भरले होते तर माझं बोलणं कशाला तपासायला लावलंत?"

हे मात्र सरांना कळलं. शब्दन् शब्द कळला. त्यांनी उगाचच टेबलावरची घंटी वाजवली. शिपाई आत आला. त्याला काय सांगायचं, ते सरांना सुचेना.

सुजाताला त्या प्रश्नाचं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही.