बापू त्या घरी जेवला होता

रामरतन डोक्यावरचा साफा काढून हातात घेऊन दारात उभा होता, तेव्हाच मला समजायला हवं होतं. पीपलरावांहून सकाळची पहिली बस धरून तो देवासला आला होता. माझ्या भावाबरोबर दहा-बारा वर्षं शेतात राबलेला हा शेतकरी एरवी आमच्या क्वार्टरमध्ये आला की आधी पायरीवर बसायचा आणि मग हाक मारायचा. मी नेहमीच्या आमच्या खिचडी भाषेत म्हटलं, "आओ रामरतन भिया, बैठो, पाणी आणते." तो बसला नाही. "जीजी, बापू साब नी रिया," एवढंच म्हणाला. मी तरीही आत जाऊन पाणी आणलं. पेला त्याच्यापुढे धरला, आणि तो घेत नाही हे बघून मीच पिऊन टाकला… आदल्या दिवशी दुपारी शेताच्या बांधावर बसलेला बापू बसल्या जागी आडवा झाला होता. डॉक्टर हाटपिपल्याहून येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दीड महिना झाला. लिहायचं मनात नव्हतं. पण तेराव्याच्या आधीच एका हिंदी पेपरात त्याच्या शेतकी खात्याकडून चार ओळी छापून आल्या. मालव्याच्या खेड्याखेड्यांत सोयाबीन पोहोचवणारे, विदेशाचा अभ्यासदौरा केलेले निष्ठावान कर्मचारी, असं त्यात होतं. भेटायला येणारी माणसं तो कागद घडी करून आणायची आणि कौतुकाने मला दाखवायची. त्या चार ओळींतला एकही शब्द खोटा नाही. पण बापूची शेवटची सात-आठ वर्षं ज्या गोष्टीत जळून गेली, ती नेमकी त्यात नाही. ती मला माहीत आहे. त्या जळण्याला काडी लावणाऱ्यांत मी एक होते, म्हणून जास्तच माहीत आहे.

आम्ही मूळचे धारचे. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते. वडील मास्तर, ते लवकर गेले. घरात माई, थोरला अण्णा, मधला बापू आणि शेंडेफळ मी, म्हणजे सगळ्यांची बेबी. अण्णा फौजेत होता. बासष्टच्या लढाईत तो पूर्वेकडच्या सरहद्दीवर गेला आणि परत आला नाही. तार आली, मागून एक पत्र आलं. दहन करायला शरीर काही आलं नाही. माई रडली नाही. तिसऱ्या दिवशी तिने लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, एकूण एक, लोणच्यासकट बाहेर काढल्या आणि झाडणाऱ्या बाईला देऊन टाकल्या. बाजारात एखादा नवखा दुकानदार साखरेला 'चीनी' म्हणाला तर ती पिशवी तिथेच ठेवून निघून यायची. आम्ही तेव्हा हसलो नाही, आणि पुढेही कधी हसलो नाही. बापू शेतकी कॉलेजात शिकत होता. त्याने दूर नोकरी धरायची नाही, हे न बोलता ठरून गेलं. लग्नाचा विषय निघाला की तो म्हणायचा, "माईचं एकदा सावरू दे." माईचं सावरलं नाही, आणि त्याचंही वय निघून गेलं.

सत्तरनंतर मालव्यात सोयाबीन आलं. आमच्या काळ्या जमिनी पावसाळाभर मोकळ्या ठेवायची रीत होती, फार तर ज्वारी, मका, थोडी तूर. त्या जमिनीत हे नवं बी पेरा म्हणून सांगत बापू सायकलवरून गावंच्या गावं हिंडला. लोक दाणा चावून थुंकायचे. "साब, ये तो ढोर भी नी खाए," म्हणायचे. पीपलरावांत पहिल्यांदा पेरलं ते रामरतनने, तेही बापूवर दया येऊन. पीक उभं राहिलं तेव्हा बापू मला मुद्दाम देवासहून बसने घेऊन गेला होता. बांधावर उभा राहून म्हणाला, "बघ बेबी, इथे पावसाळ्यात नुसता चिखल असायचा." त्याला इतकं खूश झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

म्हणूनच ऐंशीनंतर, सोयाबीनची शेती बघायला काही मंडळी चीनला पाठवायची ठरली, तेव्हा एका मोठ्या साहेबांच्या आजारपणामुळे रिकामी झालेली जागा बापूला मिळाली. प्रत्यक्ष मातीत काम केलेला एक तरी माणूस हवा, असं कुणीतरी सुचवलं म्हणे. तो धारला न जाता आधी माझ्याकडे आला. चहाचा पेला न पिताच खाली ठेवला. मग म्हणाला, "माईला सांगतो. तिने नको म्हटलं तर नाही जात."

मी उसळले. "वेडा आहेस का? ती नकोच म्हणणार. उभ्या आयुष्यात तुला कुणी काही दिलं नाही, हे एक मिळतंय. दिल्लीला ट्रेनिंग आहे म्हणून सांग."

"खोटं सांगू?"

"तिला त्रास होऊ नये म्हणून. तुझ्यासाठी नाही."

तो ऐकणारा नव्हता, पण जायची इच्छा त्याच्याही मनात इतकी होती की माझं ऐकणं त्याला सोपं गेलं. माईने त्याला दिल्लीच्या थंडीसाठी स्वेटर दिला आणि डब्यात दशम्या बांधून दिल्या.

परतल्यावर तो दोन दिवस आमच्याकडे राहिला आणि बोलत सुटला. शहरांबद्दल फारसं बोलला नाही. बोलला ते ईशान्येकडच्या एका खेड्याबद्दल, जिथे त्यांना पाच दिवस ठेवलं होतं. इतकं शांत गाव आपण पाहिलं नाही, म्हणाला. मोटार नाही, भोंगा सकाळी एकदाच वाजायचा, मग दिवसभर ऐकू यायची ती बदकं आणि झाडांच्या रांगांतून फिरणारा वारा. मातीच्या भिंती, गवताची छपरं, वळचणीला टांगलेली मक्याची पिवळी कणसं. घरात झोपायला विटांचा लांबरुंद ओटा, आणि चुलीचा धूर त्याच्या पोटातून फिरवून बाहेर काढलेला, म्हणजे स्वयंपाक झाला की अंथरूण आपोआप गरम. जमीन काळी, आपल्यासारखी. "डोळे मिटून हातात घेतली असती तर मी धारची म्हणालो असतो," तो म्हणाला. शेंगा वाळून कापणीला आल्या होत्या. वारा सुटला की सगळं शेत खुळखुळायचं, आणि बापूला ते ऐकत नुसतं उभं राहावंसं वाटायचं. बरोबरचे साहेब लोक आकडे उतरवून घेत होते. बापू एका म्हाताऱ्या शेतकऱ्यामागे हिंडत होता. मध्ये इंग्रजी जाणणारी एक तरुण दुभाषी मुलगी. म्हाताऱ्याने त्याला दाखवलं की या तुकड्यात यंदा सोयाबीन, गेल्या साली मका होता, पुढच्या साली बाजरीसारखं बारीक धान्य. सोयाबीन परत येणार तिसऱ्या वर्षी. त्याने विचारलं, "तुमच्याकडे?" बापूने सांगितलं, आमच्याकडे आता दरवर्षी, सगळ्या रानात, आणि आम्हीच तसं सांगतो. म्हातारा हसला नाही. खाली वाकून त्याने एक ढेकूळ उचललं, बोटांनी कुस्करलं आणि काहीतरी पुटपुटला. मुलीने भाषांतर केलं, "ते म्हणतात, मग तुमची जमीन फार थकली असेल."

शेवटच्या दिवशी म्हाताऱ्याने त्याला घरी जेवायला नेलं. भिंतीवर फौजी टोपीतल्या एका तरुणाचा फोटो होता. बापूने विचारलं. त्यांचा मुलगा, कोरियाच्या लढाईत गेला तो गेलाच. त्याचंही शरीर आलं नव्हतं. बापू म्हणाला, "माझा थोरला भाऊही असाच गेला, तुमच्या-आमच्या सरहद्दीवर." दुभाषी मुलगी थांबली. खाली बघून हळू आवाजात इंग्रजीत म्हणाली, "आपण शेतीविषयी बोलू या." तिने ते वाक्य त्यांना सांगितलंच नाही. म्हाताऱ्याच्या बायकोला बापूच्या तोंडाकडे बघून काय समजलं कोण जाणे. ती उठली आणि तिने त्याच्या वाडग्यात सोयाबीनच्या दुधाचं पनीर आणखी वाढलं, त्याने हात आडवा केला तरी वाढलं. "मग मी जेवलो," बापू मला म्हणाला. "बेबी, मला तिथे अण्णाची जितकी आठवण आली तितकी घरी कधी आली नाही." हे माईला सांगायचंच, असं त्याने ठरवलं होतं. मी म्हटलं, थांब, योग्य वेळ येऊ दे. ती वेळ मीच आणली, आणि कशी आणली ते लिहायला मला आजही लाज वाटते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी धारला गेले होते. बायका जमल्या होत्या. एकजण आपला मुलगा जर्मनीला चालला म्हणून कितीतरी वेळ सांगत होती, आणि मला राहवलं नाही. "आमचा बापू नाही का चीनला जाऊन आला, सरकारने पाठवलं होतं," मी बोलून गेले. माई समोरच वाण देत होती. तिचा हात थांबला नाही. उरलेल्या सगळ्या बायकांना तिने हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला, दारापर्यंत पोहोचवलं. संध्याकाळी बापू घरी आला, चपला काढत होता, तेव्हा ती म्हणाली, "तू त्यांच्या घरी जेवलास?"

बापूने माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "जेवलो, माई."

"पोटभर?"

तो खोटं बोलू शकला असता. "हो," म्हणाला. पुढे त्याला खूप काही सांगायचं होतं, त्या भिंतीवरच्या फोटोचं, त्या म्हातारीचं. "माई, ऐक तरी…" म्हणत तो तिच्यामागे देवघरापर्यंत गेला. तिने दार लावून घेतलं.

त्यानंतर माई चार वर्षं जगली. चार वर्षं तिने त्याचा स्वयंपाक केला, ताट वाढून त्यावर झाकण घातलं आणि तो यायच्या आधी ती उठून गेली. त्याच्यासमोर वाढायला कधी बसली नाही. भांडण नाही, शिव्याशाप नाहीत. इतर सगळं बोलायची, दूधवाल्याचं, छपराच्या गळतीचं. त्या प्रवासाचं काही सांगायला तोंड उघडलं की कानावर हात ठेवायची. मी समजूत घालायला गेले तर म्हणाली, "तुला माहीत होतं ना? मग तू गप्प बस."

दफ्तरातही तेच. बापूने परतल्यावर लिहून दिलं होतं की तिसरा हिस्सा तरी ज्वारी-मक्याला ठेवायला सांगू या, दरवर्षी एकच पीक नको. साहेब म्हणाले, "आपको सोयाबीन देखने भेजा था, ज्वार नहीं।" दौऱ्याचा जो अहवाल गेला, त्यात त्याचं नाव होतं आणि त्याचं म्हणणं नव्हतं. मग तो एकटाच गावोगाव सांगत फिरला. ज्या लोकांना त्यानेच सोयाबीनला लावलं होतं ते आता हसायला लागले. हातात पैसा खेळत होता, घरं पक्की होत होती; कोण ऐकणार? 'चीनी साब' हे नाव त्याला तेव्हा पडलं. रामरतनने काही वर्षं ऐकलं, मग त्याची मुलं हाताशी आली आणि त्यांनी बापाचं ऐकणं सोडलं. बापूचं बरोबर होतं का? मला शेतीतलं कळत नाही. अजून तरी जमिनी पिकतायत. तो खरा ठरला असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं काही घडलेलं नाही.

माईच्या शेवटच्या दिवसांत आम्ही दोघं तिच्याजवळ होतो. माझ्या हातून ती चमचाभर पाणी घ्यायची. गंगाजळ मात्र मुलाने घालावं म्हणून मी चमचा बापूच्या हातात दिला. तिला शुद्ध होती. तिने ओठ मिटून घेतले. बापूने चमचा तसाच धरून ठेवला, बराच वेळ, आणि मग तो माझ्याकडे परत दिला.

तिचे दिवस झाल्यावर त्याने मुदतीआधीच नोकरी सोडली, धारचं घर बंद केलं आणि पीपलरावांत एक खोली आणि बिघाभर जमीन घेऊन राहिला. मी एकदा त्याच्यापुढे रडले, सगळं माझ्यामुळे झालं म्हणाले. तो म्हणाला, "तू नुसती बोललीस. मी तिला न सांगता गेलो. तिला विचारून गेलो असतो तर ती भांडली असती, शाप दिले असते, पण परत आल्यावर कधीतरी तिने ऐकून घेतलं असतं. चोरून गेलो ना, म्हणून ते जेवणही चोरीचं झालं." त्याने मला माफ केलं असं मी त्यातून काढलं. आता वाटतं, चोरून जायला कुणी सांगितलं होतं, ते त्याने फक्त उच्चारलं नाही…

गेल्या आठवड्यात मालकाला खोली रिकामी करून हवी होती म्हणून मी गेले. एक खाट, कंदील, चार भांडी. कोपऱ्यात फळीवर एक पोतडं होतं, वर बापूच्या अक्षरातली चिठ्ठी शिवलेली: जुनी ज्वारी, बियाण्यासाठी. कीड लागू नये म्हणून राखेत घोळलेली. रामरतन म्हणाला, ही जात आता आसपास कुणाकडे नाही. साब दरसाल थोडी पेरून बी राखायचे. मी विचारलं, "तू पेरशील?" त्याने पोतडं उचलून माझ्याजवळ ठेवलं. "छोरा नी माने, जीजी."

मी ते पोतडं देवासला आणलं. आमच्या क्वार्टरला अंगण आहे ते सिमेंटचं. कॉलनीत दोघा-तिघांना विचारलं. त्यांना गहू हवा होता. चार दिवसांत यजमान म्हणाले, धान्यात पोरकिडे व्हायला लागलेत, याचं काय करायचं ते कर. मग मी ज्वारी परातीत घेऊन राख धुतली, उन्हात वाळवली आणि परवा चक्कीवर नेली. भाकरी चांगल्या झाल्या, पांढऱ्या, गोडसर; मुलांनी मागून खाल्ल्या. मूठभर दाणे बाजूला काढून ठेवायला हवे होते, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा चक्कीवाल्याने डबा पालथा केलेला होता आणि खालून पीठ पडायला लागलं होतं.