आडवी लावलेली रोपं

त्या साली भात झोडून झाल्यावर धाकट्या दिराने पेंढ्याची गंज सामाईक अंगणात, माझ्या टोमॅटोच्या रोपांच्या वाफ्याला खेटून रचली. सकाळचं ऊन अडलं. पंधरा दिवसांत रोपं उजेडासाठी वीतभर ताणली. देठ सुतळीएवढे, पिवळट, शेंड्याला चार पानं.

दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच पेंढा ओढायला लागले. तो धावत आला.

"वयनी, हात नाय लावायचा!"

"मग तू हलव. रोपं मरतात माझी."

"मरू दे!" म्हणत तो वाफ्यात घुसला आणि तुडवत सुटला. मी त्याचा दंड धरला. त्याने माझे केस पकडून मला खाली आपटलं, कमरेत लाथ घातली. दुसरी लाथ बसायच्या आत माझ्या हाताला वाफ्याच्या कडेला पडलेला विळा लागला. मी तो चालवला. त्याची पोटरी उघडी पडली आणि रक्त वाफ्यात सांडलं.

सासू ओट्यावरून ओरडत आली. पदर फाडून तिने त्याचा पाय आवळून बांधला. मग त्याच्या थोबाडीत मारली आणि वळून माझ्याही. नवरा त्याला रिक्षात घालून मुरबाडला टाके घालायला घेऊन गेला.

मी तिथेच बसून राहिले. डोक्यावरची कातडी जळत होती. पोटरीऐवजी त्याचा गळा समोर असता तरी मी हात आवरला नसता, हे मला कळत होतं आणि त्याचीच भीती वाटत होती.

"बघत काय बसलीस गो? उपट ती रोपं. आजच शेतात लावू," सासू म्हणाली.

तिने शेतात उथळ चर ओढले. खालची पानं खुडून रोप चरात आडवं निजवायचं, देठावर माती ओढायची आणि फक्त शेंडा बाहेर ठेवायचा. "टोमॅटोच्या देठाला मातीत मुळं फुटतात," ती म्हणाली. माझ्या हातून कितीतरी रोपं मोडली. तिने मोडके शेंडेही खोचले. दोघी एकमेकींकडे न बघता ऊन उतरेपर्यंत लावत राहिलो.

निम्म्याहून जास्त रोपं जगली. आठवड्याने शेंडे ताठ झाले, नवे देठ जाड निघाले.

पोलिसात कुणी गेलं नाही. गंज नवऱ्याने हलवली. दिराचं आणि माझं बोलणं मात्र तेव्हापासून तुटलं. धसईच्या बाजारात मी भाजी घेऊन बसते, तेव्हा तो समोरून जातो, जरासा लंगडत. माझी मान खाली जाते.