धर्माचा रकाना

समितीच्या माणसांशी बोलून झालं की बाई पदराने तोंड पुसायच्या. घाम नसायचा, काही नसायचं. "तोंड आंबट झालं की ओ," म्हणायच्या.

सत्तरच्या दशकात सोलापुरात मी त्या समितीचा कारकून होतो. धर्माधर्मांत सलोखा वाढवणाऱ्या कामांना आम्ही अनुदान देत असू. अशा समित्या तुम्हीही पाहिल्या असतील. हार, नारळ, भाषण, भजी.

बाई लिंगायत. एका भाड्याच्या खोलीत त्या विडीकामगार बायकांची पोरं सांभाळायच्या. तेलुगू, मुसलमान, बौद्ध, कुणाचीही. बायका बाहेर पडवीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. बाई एकाच परातीत वरण-भात कालवून सगळ्या पोरांना भरवायच्या. "माझ्याकडं दोनच जाती," म्हणायच्या, "एक भुकेलं पोर, एक झोपलेलं."

विड्या वळणाऱ्यांतली एक जण गुपचूप येशूची प्रार्थना करू लागली होती. सासरी कळलं असतं तर ती पोरासकट रस्त्यावर आली असती. दुपारी ती कोपऱ्यात डोळे मिटून बसे तेव्हा बाई दार अडवून उभ्या राहत. चहा पिताना हे त्यांनी मला सांगितलं होतं.

घरमालकाला खोली रिकामी हवी होती. दुसऱ्या जागेसाठी बाईंनी आमच्याकडे अर्ज केला. अध्यक्षांनी तो बाजूला सारला. "पोरं सांभाळण्यात धर्म कुठे आला?"

अर्जाला बळ यावं म्हणून मी त्या प्रार्थना करणाऱ्या बाईची गोष्ट सांगून टाकली. अध्यक्षांचा चेहरा खुलला.

आठवड्याने ते फोटोग्राफर घेऊन जीपमधून आले. मीही बरोबर होतो. "एक बुरख्यातली, एक कुंकवाची आणि ती नवी ख्रिश्चन," ते म्हणाले. "हातात हात घ्या. पेपरात येईल. फॉर्मवर प्रत्येकीच्या नावापुढे धर्म लिहा."

ती प्रार्थना करणारी उठली, पोर काखोटीला मारलं आणि मागच्या दाराने निघून गेली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी सांगितलं व्हय?"

मी होकाराची मान हलवली.

"घरचं समजून बोलले होते मी."

मग अध्यक्षांकडे वळून म्हणाल्या, "साहेब, या बायका जत्रेतली चित्रं न्हाईत. कोण कुणाला हात जोडतंय ते मी लिवणार न्हाय."

"मग जागा मिळायची नाही."

"नको की." त्यांनी माझ्या हातातला फॉर्म घेतला, फाडला आणि चुलीत घातला.

जीपमध्ये अध्यक्ष म्हणाले, "लई तोरा आहे बाईला." मग जेवायला कुठे चांगलं मिळेल ते विचारू लागले. वर बाईंवर एक घाणेरडा विनोद केला. मी हसलो. त्या हसण्याची किळस मला आजही येते.

अनुदान एका चित्ररथाला मिळालं. ट्रकवर शाळेतली मुलं पुजारी, मौलवी, पाद्री बनून उन्हात उभी होती आणि मध्ये खुर्चीवर अध्यक्ष हार घालून बसले होते.

माफी मागायला मी दोन महिने लावले. गेलो तेव्हा खोलीत मालकाची पोती रचलेली होती. बाई अक्कलकोटकडे भावाच्या गावी गेल्या, एवढंच शेजारी म्हणाले.

बायका आपापल्या उंबऱ्यावर वेगवेगळ्या बसून विड्या वळत होत्या. रांगती पोरं लुगड्याच्या चिंधीने बाजेच्या पायाला बांधलेली होती. त्या प्रार्थनावाल्या बाईने मला पाहिलं, सूप उचललं आणि घरात जाऊन आतून कडी लावून घेतली.