बाबामियाँ कातिब आणि एलएल. एम.चं कायदेपुस्तक

उस्मानाबादच्या अदालतीत ज्याचं काम निघे, त्याला मुन्सफाच्या आधी बाबामियाँ कातिबांच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागे. खरेदीखताची नक्कल करून घ्यायला आलेल्या माणसाला ते विचारत, "समदी जमीन इकलीस, मग बांधावरची ही एकच चिंच कशापायी राखलीस?" माणूस म्हणे, "तुम्हाला काय करायचंय? तुम्ही लिहा की." झालं! बाबामियाँ बोरू खाली ठेवत. चिंचेचं कळेपर्यंत पुढची ओळ उमटत नसे. लोक चरफडत, पण जाणार कुठं? राज्य निजामाचं, अदालतीचा सगळा कारभार उर्दूत, आणि तेरपासून नळदुर्गापर्यंत असं उर्दू अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. त्यांचे वडीलही कातिबच, म्हणजे सुंदर अक्षरात नकला लिहिणारे. लेकाला त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या, बोरूला काप कसा द्यायचा आणि नक्कल संपली की खाली काय लिहायचं.

ही दुसरी गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला. मोठा मजकूर लिहून संपला की कातिब 'तम्मत' म्हणजे 'संपलं' असं लिहितो, आणि त्याखाली बारीक अक्षरात चार ओळी स्वतःच्या घालतो. कुणी लिहिलं, कुणासाठी लिहिलं, कुठल्या गावी, कुठल्या दिवशी. बाबामियाँचे वडील म्हणत, ज्या पुस्तकाखाली हे नाही ते पोरकं. लेकानं तीस वर्षांत एकही पुस्तक पोरकं ठेवलं नव्हतं. गंमत अशी, की या चार ओळी कुणी वाचत नाही. बाबामियाँना त्याचंही नवल वाटे.

पंचेचाळीस साली त्यांच्या हाती एलएल. एम.चं कायदेपुस्तक आलं. आणलं महांतप्पा वकिलांनी. हे मूळचे उमरग्याकडचे, घरात निम्मं कानडी. वकिलीची सनद घेऊन त्यांना दहा वर्षं झाली होती, पण वकिली काही जमली नव्हती. म्हणजे कायदा लई यायचा, खटला जिंकता यायचा नाही. मुन्सफासमोर उभं राहिलं, की निम्म्या वाटेत ते म्हणायचे, "आता समोरच्या पक्षाचंही एका अर्थी खरं आहे." त्यांचा स्वतःचा पक्षकार कपाळावर हात मारून घ्यायचा. अशा माणसानं शिकवावं. हैदराबादच्या एका कायदेशाळेत त्यांना जागा मिळण्यासारखी होती, फक्त एलएल. एम. पाहिजे होतं. पहिल्या भागाच्या परीक्षा ते देऊन आले होते. आता राहिला होता मकाला, म्हणजे दीडशे पानांचा प्रबंध. विषय होता, गावकीच्या रिवाजाला कायद्यात जागा किती.

"तीन प्रती पाहिजेत, बाबामियाँ," महांतप्पा म्हणाले. "सुवाच्य. नियम या पुस्तकात आहेत."

ते पुस्तक म्हणजे बावीस कलमांची पातळशी चोपडी. वकिलांनी ती कामापुरती चाळली होती. बाबामियाँनी मात्र दोन दिवसांत तोंडपाठ केली आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली.

"वकीलसाब, एलएल. बी. झाल्यावर दोन वर्सं थांबल्याबगैर अर्ज करता येत न्हाय म्हंत्यात. का? माणूस तोच, डोकं तेच."

"कायदा अंगात मुरायला पाहिजे ना."

"लोणच्यासारका?"

"तसंच."

हे त्यांना पटलं. पण चौदाव्या कलमापाशी त्यांची गाडी अडली. मकाल्यावर उमेदवाराचा फक्त नंबर असावा. उमेदवाराचं नाव, बापाचं नाव, गाव, यातलं काहीही कुठंही, उघड किंवा आडून, दिसलं तर मकाला रद्द. "हे आक्रितच म्हनायचं," बाबामियाँ म्हणाले. "साधा बैल हरवल्याचा अर्ज लिवला तरी पयल्या ओळीत माणूस, त्याचा बाप, त्याचं गाव. आन् तुमी दीडशे पानं लिवणार, ती कुणाची ते सांगायचं न्हाय?"

महांतप्पांनी खांदे उडवले. "आहे नियम. पाळायचा."

'आहे नियम' हे उत्तर बाबामियाँना लहानपणापासून पचत नसे. पण पाळायला ते पक्के. प्रस्तावनेत वकिलांनी वडिलांचे आभार मानले होते, ते बाबामियाँनीच गाळायला लावले. एका उदाहरणात उमरग्याच्या चावडीचं नाव होतं, तिथं 'एका चावडीत' करून घेतलं. वकील तर थट्टेनं म्हणाले, "उमेदवार तुम्हीच व्हायला पाहिजे होतात."

वकिलांच्या ओसरीवर चार महिने काम चाललं. बाबामियाँची पद्धत अशी, की एक पान तिन्ही प्रतींसाठी तीनदा लिहायचं, मगच पुढचं घ्यायचं. त्यामुळे तिन्ही प्रती एकाच दिवशी पुऱ्या झाल्या. मुदतीला सहाच दिवस उरले होते. नाव नोंदवल्यापासून चार वर्षांत सगळं संपवायचं असं एक कलम होतं, आणि हे चौथं वर्ष. ही तारीख हुकली किंवा मकाला रद्द झाला, तर पहिल्या भागापासून पुन्हा. महांतप्पा त्या दिवशी खटल्यासाठी तुळजापूरला गेले होते. तेव्हा बाबामियाँनीच प्रती शिवल्या, वर नंबर घातला, गठ्ठ्याला लाखेचं सील केलं आणि टपालकचेरीत रजिस्ट्री करून टाकली. घरी येताना ते खुशीत होते. एवढं देखणं काम त्यांच्या हातून आधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवायला बसले असता ताहेराबीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं, "एवढं लिवलंत, खाली तुमचं नाव तरी घातलंत का?"

"घातलं की. कधी चुकलंय का? माझं नाव, अब्बांचं नाव, मुक्काम उस्मानाबाद, महांतप्पा वकिलांच्या सांगण्यावरून..."

हातातला घास हातातच राहिला. ताहेराबीला वाटलं ठसका लागला, तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. बाबामियाँ तसेच उठले.

सगळी कलमं पाठ असलेल्या माणसानं तिन्ही प्रतींवर वकिलांचं नाव आणि गाव स्वतःच्या हातानं लिहून पाठवलं होतं! 'तम्मत' लिहिलं की डोकं मोकळं होतं आणि पुढचं हातच लिहितो, तसंच त्यांच्या हातानं लिहिलं होतं. वकिलांच्या दारात उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता.

महांतप्पा ओसरीवर येऊन बसले. रागावले असते तर बाबामियाँना बरं वाटलं असतं. पण त्यांची खोड इथंही सुटेना. ते म्हणाले, "तुमचंही एका अर्थी बरोबरच आहे. तीस वर्षांची सवय." मग उठून ते प्रवासाचे कपडे पिशवीत भरू लागले. "मी हैदराबादला जातो."

"तुमाला जाता यायचं न्हाय," बाबामियाँ म्हणाले. "कलम सतरा. निकाल लागेस्तोवर उमेदवारानं दफ्तराशी गाठभेट घेतली तर नाव रद्द."

"मग बुडालोच की मी."

"उमेदवार तुमी हायसा. म्या कुठं उमेदवार हाय?"

त्याच दुपारी बाबामियाँ मोटारीनं सोलापूरला आणि तिथून वाडीवरून रेल्वेनं हैदराबादला निघाले. जन्मात एवढा प्रवास केला नव्हता. एरवी डब्यातल्या प्रत्येकाची हकीकत त्यांनी काढून घेतली असती. या खेपेला मात्र त्यांनी कुणाला गावसुद्धा विचारलं नाही. खिशात बोरू तासायचा चाकू होता, त्यावर हात ठेवून बसले होते.

विद्यापीठाच्या दफ्तरात जाड भिंगांच्या चष्म्याचे एक अहलकार, म्हणजे कारकून, टपाल उतरवून घेत होते. उस्मानाबादचा गठ्ठा सीलबंदच त्यांच्या मेजावर पडला होता. बाबामियाँनी सलाम केला, नंबर सांगितला.

"तुम्ही उमेदवार?"

"जी न्हाय. कातिब."

"कुणाचे?"

"ते सांगता येत न्हाय. कलम चौदा."

अहलकारांनी चष्म्यावरून पाहिलं. चोपडी पाठ असलेला माणूस तिथं रोज येत नसावा. सगळं ऐकून ते म्हणाले, "कलम एकोणीस ठाऊक असेलच. आलेल्या मकाल्यात फेरफार करता येत नाही."

"मकाल्यात करायचाच न्हाय. मकाला जितं संपला तितं 'तम्मत' लिवलंय. त्याच्याखालचं उमेदवाराचं न्हाय, कातिबाचं हाय. माझा मजकूर म्या परत न्यायला आलोय."

अहलकार हसले. मग त्यांनी खरोखरच चोपडी काढली आणि दोघं डोक्याला डोकं लावून बसले. 'मकाला म्हणजे काय' याचा खुलासा बाविसांपैकी एकाही कलमात नव्हता. शेवटी अहलकार म्हणाले, "नोंद अजून झालेली नाही. तुम्ही म्हणता ते कलमाबाहेर जात नाही." आणि ते सील फोडू लागले.

बाबामियाँना राहवेना. "साहेब, येक इचारू का? नाव लपवायचं कशापायी?"

"गुण देणारी माणसंच ना," अहलकार म्हणाले. "कुणाच्या जातीचा, कुणाचा भाचा, कुठल्या जहागिरीतला, हे नाव दिसलं की कळतं. मग हात सैल तरी सुटतो नाहीतर आखडतो. नाव झाकलं, की राहतं फक्त लिहिलेलं."

तीस वर्षं बाबामियाँनी अर्ज लिहिले होते. कुठल्या नावाला तारीख लवकर मिळते आणि कुठल्या नावाला चकरा माराव्या लागतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? ते कलम एकदम त्यांना फार आवडलं.

त्यांनी पहिली प्रत उघडली आणि खालच्या चार ओळींवर डावा पंजा ठेवला, अहलकारांना दिसू नये म्हणून. अहलकारांनीही मान खिडकीकडं वळवली. वळवूनच ते म्हणाले, "उमेदवाराचं नाव आहे तेवढीच ओळ काढा. कातिबाच्या नावाला कुठलं कलम आडवं येत नाही. एवढं अक्षर आहे, नाव राहू द्या."

चाकू कागदावर थांबला. बाबामियाँनी पंजा किंचित उचलून स्वतःचं नाव वाचलं. मग पट्टी 'तम्मत'च्या लगेच खाली धरली आणि चारही ओळी कापून काढल्या. तशाच दुसऱ्या प्रतीच्या, तशाच तिसरीच्या. कागदाच्या त्या तीन पट्ट्या त्यांनी खिशात घातल्या आणि हैदराबाद न पाहताच गाडी पकडली.

महांतप्पांना त्यांनी एवढंच सांगितलं, की तुमचं नाव काढून आलो. चार महिन्यांनी निकाल लागला, वकील पास झाले. पेढे वाटले, ताहेराबीला लुगडं केलं आणि बायकामुलांसह हैदराबादला शिकवायला गेले. पुढं निजामाचं राज्य गेलं. अदालतीत हळूहळू दुसऱ्या भाषांचे कागद येऊ लागले, तसं बाबामियाँकडं येणारं माणूस कमी झालं. तरी ते रोज जाऊन बसत. न समजणारा कागद दिसला, की शेजारच्याला विचारत, "ह्ये काय लिवलंय म्हंता?"

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात महांतप्पा गावी आले ते थेट त्यांच्या घरी. टोपी काढून हातात धरली होती. ताहेराबीनं चहा ठेवला, तो निवत चालला.

"बाबामियाँ, माझा मकाला तिथल्या ग्रंथालयात आहे. एका विद्यार्थ्यानं तो वाचायला काढला आणि मला विचारलं, हे अक्षर कुणाचं? मी म्हटलं, शेवटचं पान बघ, कातिबाचं नाव असेल." त्यांनी बोटानं हवेत एक आडवी रेघ ओढली. "तिथं पान खालून कापलंय. मला वाटत होतं तुम्ही माझीच ओळ काढलीत. तुमचं नाव का कापलंत? नियम नव्हता तसा."

"उस्मानाबादेत एलएल. एम. करणारे वकील किती होते, साहेब?"

"मी एकटाच."

"मग? उस्मानाबादचा बाबामियाँ एवडं जरी कुणी वाचलं असतं, तरी माग तुमच्या दारापत्तूर लागत होता. 'आडून'सुदिक दिसता कामा नये म्हंतंय कलम."

महांतप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. बाबामियाँना मात्र दुसरीच उत्सुकता लागली होती.

"त्या पोराला काय सांगितलंत मग?"

"तुमचं नाव सांगितलं. तो ते लिहून घेत होता, त्यानं पुढं विचारलं, कातिबाच्या वडिलांचं नाव काय? तसं पूर्ण लिहितात ना." महांतप्पांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "चार महिने तुम्ही माझ्या ओसरीवर बसलात. माझ्या बापाचं नाव गाळायची आठवण तुम्ही केलीत. तुमच्या वडिलांचं नाव मी कधी विचारलंच नाही. ते विचारायला आलोय."

सगळ्या जगाला प्रश्न विचारणाऱ्या बाबामियाँना आयुष्यात फारसं कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी मांडी नीट घातली.

"आयुब," ते म्हणाले. "बाबामियाँ वल्द आयुब." आणि वकिलांना ते नीट लिहून घेता यावं म्हणून त्यांनी पुन्हा एकदा सावकाश सांगितलं.